मनातली बेरीज-वजाबाकी : उत्तर नको, वाट विचारूया



गेल्या वर्षी माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. चाचणीत दोन अंकी वजाबाकीची पाच उदाहरणं दिली होती. एका मुलीची पाचही चुकली. ४३ − १८ = ३५, ६२ − ३७ = ३५, ७० − २६ = ५६, असं सगळं. मी लाल पेनाने फुल्या मारल्या आणि शेरा लिहिला, 'हातचा घ्यायला विसरतेस. सराव कर.'

त्याच आठवड्यात शनिवारी संध्याकाळी भाजी घ्यायला गेले, तर ही मुलगी आईच्या हातगाडीजवळ उभी. आई दुसऱ्या गिऱ्हाईकाला भाजी निवडून देत होती, म्हणून माझा हिशोब हिनेच केला. मेथी वीस, कोथिंबीर पंधरा, आणि काट्यावर टोमॅटो अठ्ठावीस रुपयांचे भरले. "त्रेसष्ट झाले बाई." मी शंभराची नोट दिली. तिने डब्यात हात घातला आणि माझ्या हातावर पैसे ठेवत गेली. "त्रेसष्ट... हे दोन, पासष्ट. हे पाच, सत्तर. आणि हे तीस, शंभर." सदतीस रुपये, एका दमात. कागद नाही, पेन्सिल नाही, हातचा नाही.

सोमवारी मी तिला मधल्या सुट्टीत जवळ बोलावलं आणि वहीत १०० − ६३ उभं मांडून दिलं. तिने मन लावून सोडवलं. उत्तर आलं १६३.

मी विचारलं, "अगं, शंभरातून त्रेसष्ट दिले तर एकशे त्रेसष्ट उरतील का?"

ती म्हणाली, "बाई, ते पैशाचं होतं. हे वजाबाकीचं आहे."

या एका वाक्याने मला वर्षभर कामाला लावलं. आजचा लेख त्याच कामाबद्दल आहे. मुलं मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी कशी करतात, त्यांच्या त्या वाटा वर्गात कशा आणायच्या, आणि आपण शिक्षक नकळत त्या वाटा कुठे बंद करतो, हे मी जसं शिकत गेले तसं लिहिते.

ही चूक दुर्लक्षाची नाही

आधी तिची उत्तरं पुन्हा बघूया. ४३ − १८ = ३५. एककाच्या घरात ३ आणि ८. तिने ८ मधून ३ वजा केले, ५. दशकाच्या घरात ४ मधून १ गेला, ३. म्हणजे प्रत्येक घरात 'मोठ्यातून लहान' काढलं. १०० − ६३ मध्येही तेच. ० आणि ३, उत्तर ३. ० आणि ६, उत्तर ६. १ खाली उतरवला. १६३.

म्हणजे ती काही विसरत नव्हती. ती एक नियम अगदी प्रामाणिकपणे पाळत होती, आणि तो नियम तिला आमच्याकडूनच मिळाला होता. 'लहानातून मोठी संख्या जात नाही' हे वाक्य आपण पहिलीपासून किती वेळा म्हणतो बघा. तिच्यासाठी कागदावरची वजाबाकी म्हणजे सुट्या अंकांचा खेळ होता. त्यात ६३ हे त्रेसष्ट नव्हतेच, एक ६ आणि एक ३ होता. गाडीवर मात्र त्रेसष्ट म्हणजे खरे त्रेसष्ट रुपये होते.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात टेरेझिन्हा न्युनेस, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमन या अभ्यासकांनी रस्त्यावर नारळ, फळं वगैरे विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला. तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. विकताना मुलांचे ९८ टक्के हिशोब बरोबर आले. तशीच उदाहरणं नुसते आकडे म्हणून कागदावर दिली, तेव्हा तीच मुलं जेमतेम ३७ टक्क्यांवर आली. आपल्याकडे अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा मोठा अभ्यास केला. तो २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. तिथेही हेच दिसलं. बाजारात पक्की असलेली मुलं शाळेच्या गणितात अडली, आणि उलटही दिसलं. शाळेत कागदावर बरोबर सोडवणारी मुलं बाजारातल्या हिशोबाला अडखळली.

दुसरी बाजूही आपल्या रोजच्या पाहण्यातली आहे. पानभर हातच्याची उदाहरणं बिनचूक सोडवणाऱ्या मुलाला दुकानात पाठवलं तर किती परत घ्यायचे हे सांगता येत नाही. म्हणजे प्रश्न 'हुशार' आणि 'कच्च्या' मुलांचा नाही. दोन गणितं वेगवेगळ्या खोल्यांत राहतात आणि मधलं दार बंद आहे. ते दार उघडणं हे आपलं काम आहे.

आपल्या संख्यांची नावं : अडचण आणि सोय

आता थोडं आपल्या भाषेकडे बघूया, कारण मनातलं गणित मूल भाषेतच करतं.

जून २०१९ मधला वाद आठवत असेल. दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक', त्रेसष्टच्या जोडीला 'साठ तीन' असं संख्यावाचन आलं. वर्तमानपत्रं, दूरचित्रवाणी, घरोघरचे व्हॉट्सअॅप ग्रुप, सगळीकडे त्याची थट्टा झाली. विधानसभेतही विषय निघाला. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या पुण्याच्या गणितज्ञ मंगला नारळीकर. २०२३ मध्ये त्या गेल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. लहान मुलांना संख्यानामांतली जोडाक्षरं जड जातात, आणि बोलण्याचा क्रम लिहिण्याच्या क्रमाच्या उलटा आहे.

कोण जिंकलं, कोण हरलं यात मला जायचं नाही. पण अडचण खरी आहे, हे दुसरी-तिसरीला शिकवणारी कुठलीही बाई सांगेल. 'छत्तीस' म्हटलं की मुलाच्या कानावर आधी सहा येतात, मग तीस. काही मुलं आधी ६ लिहितात आणि शेजारी ३. झाले त्रेसष्ट. बावन्न आणि पंचवीस, पंचेचाळीस आणि चोपन्न यांचीही अशीच अदलाबदल होते. आणि 'त्रेसष्ट'मध्ये ना धड 'तीन' ऐकू येतं ना धड 'साठ'. माझ्या वर्गात एक मुलगा कन्नड बोलणाऱ्या घरातला होता, बांधकामावर आलेल्या कुटुंबातला. कन्नडमध्ये एकवीसला 'इप्पत्तोंदु' म्हणतात, म्हणजे इप्पत्तु (वीस) आणि ओंदु (एक). त्याला मराठी नावं आठवायला वेळ लागायचा, पण दशक-एकक कधी विचारावं लागलं नाही.

मी वर्गात मधला मार्ग धरला. नाव 'त्रेसष्ट'च, कारण बाजारात आणि आजीच्या तोंडी तेच आहे. पण गणित करताना दरवेळी जोडीला म्हणायचं, "त्रेसष्ट, म्हणजे साठ आणि तीन." पंधरा-वीस दिवसांत मुलं आपणहून तसं म्हणायला लागली. यासाठी वेगळा तास लागत नाही.

आता सोय बघा. हिच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास... 'एकोण' म्हणजे एक उणा. एकोणपन्नास या नावातच 'पन्नासला एक कमी' असं सांगितलेलं आहे! इंग्रजी माध्यमाच्या मुलाला ४९ म्हणजे 'चाळीस-नऊ' ऐकू येतं. आपल्या मुलाला पन्नास ऐकू येतात. मग ३६ + ४९ करायला काय हवं? छत्तीस आणि पन्नास शहाऐंशी, एक उणा, पंच्याऐंशी. मनातल्या गणितातली एक मोठी युक्ती आपल्या भाषेने मुलांच्या खिशात आधीच टाकून ठेवली आहे. ती बाहेर काढायला फक्त विचारावं लागतं, "एकोणतीसला एकोणतीस का म्हणत असतील?"

तीच गोष्ट 'पावणेदोनशे'ची. पाऊणशे, सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, अडीचशे ही नावं म्हणजे छोटी छोटी गणितंच आहेत. पावणेदोनशे म्हणजे दोनशेला पंचवीस कमी. आपल्या आजोबा-पणजोबांची पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी ही व्यवहारातल्या मनातल्या हिशोबाची तयारी होती. सगळं पाठ करून घ्या असं माझं म्हणणं नाही. पण हे शब्द घरात आणि वर्गात वापरात राहिले तर मुलांचा फायदाच आहे.

आधी पाया : तीन प्रश्न

कुठलीही युक्ती शिकवण्याआधी मी प्रत्येक मुलाला तोंडी तीन प्रश्न विचारते.

१. आठला दहा व्हायला किती हवेत?
२. त्रेचाळीसमध्ये दहा मिळवले तर किती? दहा काढले तर?
३. सदुसष्टपासून सत्तरपर्यंत किती?

जे मूल दुसऱ्या प्रश्नाला बोटांवर एकेक करत दहा मोजतं, त्याला उड्या मारायला सांगण्यात अर्थ नाही. त्याच्याबरोबर आधी दशकावर काम करायचं. यासाठी माझं आवडतं साधन म्हणजे शंभर मण्यांची माळ. दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, अशी. रविवार पेठेत बोहरी आळीकडे मणी स्वस्तात मिळतात. मुलांनीच ओवायची. मग 'सत्तेचाळीसवा मणी दाखव' म्हटलं की सुरुवातीला मूल एकापासून मोजतं. काही दिवसांनी चार रंग सोडून सात मोजतं. आणखी काही दिवसांनी 'पन्नासच्या तीन अलीकडे' म्हणत थेट तिथे बोट ठेवतं. तो दिवस आला की समजायचं, हे मूल तयार झालं.

ही माळ आणि तिच्यानंतर येणारी 'रिकामी संख्यारेषा' नेदरलँड्समधल्या शाळांतून जगभर पोहोचली. उट्रेक्टच्या फ्रॉइडेन्थाल संस्थेतल्या मंडळींनी त्यावर बरंच काम केलं. गंमत म्हणजे डच भाषेतही एकवीसला 'एक आणि वीस'च म्हणतात, आपल्यासारखंच उलटं. त्यामुळे त्यांची साधनं आपल्या मुलांना चपखल बसतात.

रिकामी रेषा म्हणजे खुणा नसलेली एक आडवी रेघ. तिच्यावर मूल फक्त आपल्याला हव्या त्या संख्या मांडतं आणि वरून उड्या काढतं. मोजपट्टीसारखी प्रमाणात काढायची गरज नाही. मुलाने मनात काय केलं त्याचं ते चित्र असतं, इतकंच.

मुलांच्या वाटा

यातल्या बहुतेक वाटा मुलांनीच सांगितल्या आहेत. नावं आम्ही वर्गात मिळून ठेवली.

*दहा पूर्ण करणे.* ८ + ५. पाचातले दोन आठला दिले, दहा. राहिले तीन. तेरा. पुढच्या सगळ्या वाटा हिच्यावर उभ्या आहेत, म्हणून हिला भरपूर वेळ द्यावा.

*जुळ्यांचा शेजारी.* ६ + ७. सहा-सहा बारा, वर एक, तेरा. जुळ्या बेरजा मुलांना लवकर पाठ होतात, त्यांचा असा उपयोग.

*दशक-दशक, सुटे-सुटे.* ४७ + २८. चाळीस-वीस साठ, सात-आठ पंधरा, पंच्याहत्तर. इथे दशक आधी येतात. उभ्या मांडणीत आपण एककापासून सुरुवात करतो, पण मनात हिशोब करणारा माणूस बहुधा मोठ्या रकमेपासून सुरू करतो. मंडईत कोणी सुट्यांची बेरीज आधी करत नाही.

*उड्यांची वाट.* सत्तेचाळीस तसेच ठेवायचे. वीसची उडी, सदुसष्ट. तीनची उडी, सत्तर. पाचची उडी, पंच्याहत्तर.

*एकोणची वाट.* २८ ऐवजी ३० मिळवायचे, सत्त्याहत्तर. दोन जास्त झाले, ते काढायचे.

आता वजाबाकी. इथे सावध राहावं लागतं. 'दशक-दशक, सुटे-सुटे' ही बेरजेत उत्तम चालणारी वाट वजाबाकीत मुलांना खड्ड्यात नेते. ४३ − १८. चाळीसातून दहा, तीस. मग तीन आणि आठ... आठातून तीन, पाच. पस्तीस! आमच्या मुलीची चूक पुन्हा हजर. म्हणून वजाबाकीसाठी मी उड्यांची वाट आधी पक्की करून घेते.

*मागे उड्या.* त्रेचाळीसमधून दहा गेले, तेहतीस. तीन गेले, तीस. पाच गेले, पंचवीस. रेषेवर ४३ → ३३ → ३० → २५.

*भाजीवाल्याची वाट.* मागे यायचंच नाही, लहान संख्येपासून पुढे जायचं. १८ ला २० व्हायला २, मग ४० पर्यंत २०, मग ४३ पर्यंत ३. एकूण २५. हे नाव त्या मुलीच्या हिशोबावरून पडलं. दोन संख्या जवळजवळ असतील, उदाहरणार्थ ५२ − ४८, तर याहून सोपं काही नाही. चारच पावलं.

*जास्त देऊन परत घेणे.* १८ ऐवजी २० दिले, उरले तेवीस. दोन जास्त गेले, ते परत मिळाले, पंचवीस. इथे निम्मा वर्ग चुकतो. तेवीसमधून आणखी दोन काढून एकवीस सांगतो. तेव्हा नियम सांगू नये. खोट्या नोटा काढाव्यात. "दुकानदाराला अठरा द्यायचे होते. तू वीसची नोट दिलीस. आता तो तुला दोन देईल की आणखी दोन मागेल?" वर्ग हसतो आणि प्रश्न मिटतो.

*वयाची वाट.* आई त्रेचाळीस वर्षांची, मुलगा अठरा. दोन वर्षांनी आई पंचेचाळीस, मुलगा वीस. दोघांतलं अंतर बदललं का? नाही. मग ४३ − १८ म्हणजेच ४५ − २०. ही वाट मी एरवी चौथीत घेते. गेल्या वर्षी मात्र एका मुलाने तिसरीतच शोधली, आपल्या आणि ताईच्या वयावरून.

रोजची दहा मिनिटं

या सगळ्यासाठी वेगळा तास काढला नाही. परिपाठानंतरची दहा मिनिटं ठेवली. आम्ही त्याला 'संख्यागप्पा' म्हणतो. रीत अशी.

फळ्यावर एकच उदाहरण लिहायचं, आणि आडवं लिहायचं. उभं मांडलं की मुलांचे हात आपोआप हातच्याकडे जातात. पाटी-पेन्सिल बाजूला. उत्तर आलं की हात वर करायचा नाही, मूठ छातीशी धरून अंगठा दाखवायचा. दुसरी वाट सापडली तर एक बोट आणखी. हात वर झाले की बाकीची मुलं विचार थांबवतात. अंगठा कोणाला दिसत नाही, त्यामुळे सावकाश विचार करणाऱ्याला वेळ मिळतो.

मग सगळी उत्तरं फळ्यावर घ्यायची, बरोबर-चूक न म्हणता. चेहराही निर्विकार ठेवायचा. हे फार अवघड जातं, मला अजूनही जातं! त्यानंतर एकच प्रश्न, "कसं काढलंस?" मूल सांगेल तसं आपण रेषेवर काढत जायचं.

४७ + २८ चा दिवस मला चांगला आठवतो. फळ्यावर दोन उत्तरं आली, ७५ आणि ६५. तिघांनी आपापली वाट सांगून ७५ आणले. मग ६५ म्हणणारी मुलगी उठली. "चाळीस न वीस साठ. सात न आठ पंधरा. साठ न पाच..." आणि ती थांबली. "थांबा बाई. पंधरातले दहा राहिले." स्वतःच फळ्याशी आली आणि ६५ खोडलं. मी काहीच बोलले नव्हते. तिची चूक मी दाखवली असती तर तिला एक उत्तर कळलं असतं. तिने स्वतः शोधली, म्हणून हातचा म्हणजे नक्की काय हे तिला कळलं. तो पंधरातला दहाच असतो, दुसरं काही नाही.

उदाहरणं निवडताना ओळीने निवडावी, म्हणजे एकातून दुसरं सुचतं. एकोणच्या वाटेसाठी ३६ + ३०, मग ३६ + २९, मग ३६ + २८. भाजीवाल्याच्या वाटेसाठी ५० − ४८, मग ५२ − ४८, मग ६२ − ४८. एका दिवशी दोन किंवा तीनच. मुलं रंगली तरी दहा मिनिटांत थांबावं. उद्याची ओढ राहते.

माझ्याकडून झालेल्या चुका

पहिली चूक, घड्याळ लावलं. 'एका मिनिटात दहा' असा खेळ घेतला. जी आठ-दहा मुलं आधीच पटापट करत होती ती खूश झाली. बाकीची पुन्हा बोटांवर गेली, कारण घाईत माणूस नवीन वाट धरत नाही, जुनी ओळखीचीच धरतो. वेग नंतर येतो, आपणहून.

दुसरी चूक, सगळ्या वाटा मीच शिकवायला घेतल्या. सोमवारी ही, मंगळवारी ती. महिन्याभरात मुलांना हातच्याचा एक नियम पाठ करायचा होता, त्याऐवजी पाच झाले. विचारलं तर म्हणायची, "बाई, आज कुठल्या पद्धतीने करायचं?" तेव्हा माझं मला हसू आलं. वाट संख्या बघून ठरते. ५२ − ४८ ला पुढे जा, ५२ − ४ ला मागे या. ही निवड मुलाची असेल तरच ते गणित त्याच्या मनातलं झालं.

तिसरी चूक, बोटांना बंदी. बोटं म्हणजे मुलाची पहिली मण्यांची माळ, पाच-पाचांचे दोन गट. त्यांना मारून काढू नये. फक्त बघावं, मूल ८ + ५ करताना एकापासून मोजतंय की आठच्या पुढे? पुढे मोजत असेल तर ते वाटेवर आहे. दहा पूर्ण करणं आलं की बोटं आपोआप खाली जातात.

आणि हो, उभी मांडणी मी सोडलेली नाही. चार अंकी संख्या आल्या की तिच्याशिवाय चालत नाही. 'असर' सर्वेक्षणातही दोन अंकी, हातच्याची वजाबाकीच देतात. त्या मुलीला चाचणीच्या दिवशी ते उदाहरण कोणी दिलं असतं तर 'वजाबाकी येत नाही' अशीच नोंद झाली असती. म्हणून कागदावरची रीत यायलाच हवी. फक्त ती मनातल्या वाटांनंतर यावी, आणि उभ्या मांडणीत उत्तर आलं की मुलाने स्वतःला विचारावं, "हे पटतंय का?" शंभरातून काही काढून एकशे त्रेसष्ट उरत नाहीत, हा खटका मनात बसला की निम्मं काम झालं.

पालकांसाठी थोडंसं

पालकसभेत एक वडील म्हणाले, "बाई, आमच्या वेळी उजळणी पाठ असायची. हे रेषा-बिशा कशाला? क्लास लावू का?" त्यांची काळजी खोटी नव्हती. मी त्यांना तिथेच विचारलं, "दादा, ३०० रुपयांतून १८५ गेले तर किती उरले?" ते लगेच म्हणाले, "एकशे पंधरा." "कसं काढलंत?" "१८५ ला दोनशे व्हायला पंधरा, वर शंभर." "हातचा घेतलात?" ते हसले. त्यांच्या मुलाला मी तेच शिकवत होते. वेगळ्या क्लासची गरज तिथे नव्हती, वडिलांबरोबर दुकानात जायची होती.

घरी एवढं करता येईल.

* दुकानात, भाजीला मुलांना सोबत न्या आणि परत येणारे पैसे त्यांना आधी सांगू द्या. मोबाइलवरून पैसे देण्यात सुटे पैसे दिसेनासे झाले आहेत, म्हणून अधूनमधून मुद्दाम रोखीने व्यवहार करा.
* बसमध्ये, रांगेत उभे असताना एखादा प्रश्न. "आता पावणेसहा वाजले, सव्वासहाला पोहोचलो तर किती मिनिटं लागली?"
* पत्ते, सापशिडी, कॅरम यांचे गुण मुलांना मांडू द्या. तुम्ही बेरीज करून देऊ नका.
* उत्तर चुकलं तर "एवढंही येत नाही?" म्हणू नका. बरोबर आलं तरी लगेच "शाब्बास" म्हणून थांबू नका. दोन्ही वेळा विचारा, "कसं काढलंस?"
* तुमची वाट मुलापेक्षा वेगळी असेल तर तीही सांगा. 'हीच बरोबर' असं मात्र म्हणू नका.

त्या मुलीचं काय झालं?

चमत्कार झाला नाही. अजूनही ती कधीकधी छत्तीस आणि त्रेसष्टची अदलाबदल करते. उभ्या मांडणीत घाई झाली की जुना नियम डोकं वर काढतो. पण वार्षिक परीक्षेत तिच्या कागदावर ६२ − ३७ च्या शेजारी समासात एक बारीक रेघ होती. तिच्यावर ३७, ४०, ६०, ६२. वर उड्या ३, २० आणि २. उत्तर पंचवीस. वर उभ्या मांडणीत आधी ३५ लिहिलेलं होतं, ते तिने स्वतःच खोडलं होतं.

मी तिला विचारलं, "का गं खोडलंस?"

"पटेना बाई. सदतीसमध्ये पस्तीस घातले तर बासष्टच्या पुढे जातं."

पहिल्या चाचणीतला माझा शेरा आता वाचला की वाईट वाटतं. 'सराव कर' असं लिहिलं होतं. सराव ती रोज संध्याकाळी गाडीवर करतच होती. तो मला माहीत नव्हता.

उद्या वर्गात गेलात की फळ्यावर ४३ − १८ आडवं लिहून बघा. पेन्सिली खाली ठेवायला सांगा आणि दोन मिनिटं गप्प बसा. मग विचारा, "कसं काढलंस?" तुमच्या वर्गातही एखादी भाजीवाल्याची वाट नक्की निघेल.